पेला तोच, पोट निराळे

मोहगाव हे नाव गोमंतकीय वाचकाच्या कानावरून क्वचितच गेले असेल. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की महाराष्ट्राची सीमा ओलांडल्यावर सौंसर लागते. त्याच परिसरातले हे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशात राहिला. पण सौंसर आणि पांढुर्णा या तालुक्यांतील घराघरांतली मराठी त्या सीमारेषेने पुसली गेली नाही. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार आणि मोहगावचे अर्धनारीश्वराचे देवालय ही या मुलखाची ओळख. मोठ्या दुखण्याचे काम निघाले की इकडचा माणूस नागपूरची वाट धरतो. जशी सिंधुदुर्गातला किंवा कारवारकडचा रुग्ण बांबोळीची धरतो.

मराठीत ‘मोह’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक मोह मनाला पडतो, दुसऱ्या मोहाची फुले झाडावरून पडतात. सातपुड्याच्या मुलखात चैत्राच्या पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचायची, वाळवायची, भिजत घालून आंबवायची आणि भट्टी लावायची, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या डोंगरांवर काजूचे बोंडू तुडवले जात असतात आणि हुर्राक-फेणीचा हंगाम भरात असतो. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय म्हणून गौरविले. मध्य प्रदेश सरकारनेही अलीकडे मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देऊन तिच्या विक्रीची व्यवस्था केली. सांगायचे एवढेच की, सातपुड्याच्या पायथ्याशी काय किंवा मांडवीच्या काठी काय, पेला हा पाहुणचाराचा, देवकार्याचा आणि सोयरिकीचा भाग होऊन बसला आहे. त्याविरुद्ध मद्यनिषेधाचे प्रवचन झोडण्याचा आमचा आज हेतू नाही. आज ज्या प्रश्नाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो तो नवा आहे आणि त्याची चर्चा मराठीत जवळजवळ झालेलीच नाही. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाच्या हाती हा पेला गेला, तर पुढे काय होते?

एक शक्यता

समजा, मोहगावसारख्या गावातला एक संत्र्यांचा व्यापारी आहे. वय ४५, वजन १२५ किलो, मधुमेह जडलेला, गुडघे बोलू लागलेले. नागपूरला जाऊन तो जठराची शस्त्रक्रिया करून घेतो. वर्षभरात वजन चाळीस किलोंनी उतरते, साखर आटोक्यात येते, जिना चढताना लागणारी धाप नाहीशी होते. गाव कौतुकाने पाहू लागते. दीड-दोन वर्षांनी भाच्याच्या लग्नात मेहुणा पेला पुढे करतो आणि म्हणतो, “घ्या जी भाऊजी, एवढ्यानं काय होते?” शस्त्रक्रियेपूर्वी हाच माणूस दोन-तीन पेले घेऊन ताठ चालत घरी जात असे, हे मंडपात सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे मेहुण्याच्या बोलण्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. पेला रिकामा होतो. दहाव्या मिनिटाला जीभ जड होते, विसाव्या मिनिटाला पाय डळमळतात. कुणी हसते, कुणी म्हणते, “चढली, झोपू द्या.” आणि बाहेर मोटारसायकल उभी असते.

ही कथा आम्ही रचलेली आहे. परंतु तिच्यातील देहव्यापाराचा एकही धागा कल्पित नाही. त्यातला प्रत्येक टप्पा वैद्यकशास्त्राने मोजून, नोंदवून ठेवलेला आहे.

जठर नावाचा उंबरठा

आधी ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन आणि डॉ. चिकाशी इटो यांनी १९६० च्या दशकात जठराला वळसा घालणारी पद्धत प्रथम वापरली. ‘बायपास’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या तिच्या रूपात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढीच लहानशी पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर अन्नाच्या वाटेतून बाजूला पडते. दुसरी पद्धत ‘स्लीव्ह’ची. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कापून काढतात आणि अंगरख्याच्या बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आपल्या देशात ही दुसरी पद्धत विशेष प्रचलित आहे. तिसरी पद्धत जठराभोवती आवळपट्टी बसविण्याची. ती आता मागे पडली आहे.

ही चैनीची शस्त्रक्रिया नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील साधारण चार प्रौढांमागे एकाचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. स्थूलतेमागोमाग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणे अशी विकारांची रांगच लागते. स्वीडनमध्ये हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षे चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळले. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून विदर्भात तिचे नाव सर्वतोमुखी झाले. म्हणजे ज्याला तिची खरी गरज आहे त्याला ती जीवदान देते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आमचे म्हणणे तिच्या नंतरच्या आयुष्याविषयी आहे.

जठर हे अन्नाचे कोठार आहे, तसेच ते मद्याच्या वाटेवरचा उंबरठाही आहे. धडधाकट माणसाने घेतलेले मद्य जठरात काही काळ थांबते. तेथले विकर त्यातील थोड्या मद्यार्काचे विघटन करते, आणि उरलेले मद्य थोडेथोडे करून लहान आतड्यात उतरते. मद्यार्क रक्तात मिसळण्याचे मुख्य ठिकाण हे लहान आतडे. पोटात जेवण असेल तर हा उंबरठा अधिकच अडवून धरतो. म्हणून तर रिकाम्या पोटी पिऊ नये असे जुने पिणारेही सांगतात. शस्त्रक्रियेने हा उंबरठाच काढून टाकलेला असतो. घोट गिळला की तो जवळजवळ सरळ आतड्यात जातो आणि तेथून रक्तात धाव घेतो. त्यातच वजन उतरल्याने देहाचा आकार आणि त्यातील पाणी घटलेले असते; म्हणजे तेवढ्याच मद्याला पसरण्यास जागाही कमी.

या गोष्टी तर्काने सुचतात, तशा त्या मोजल्याही गेल्या आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यांनी बायपास करून घेणाऱ्या १९ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तांबड्या वाइनचा प्रत्येकी एक पेला, सुमारे १५० मिलिलिटर, दिला आणि श्वासाच्या चाचणीवरून रक्तातील मद्यार्क मोजला. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी १०० मिलिलिटर रक्तात अधिकात अधिक २४ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. तीन महिन्यांनी हा आकडा ५९ वर गेला, सहा महिन्यांनी ८८ वर. मद्यार्क पूर्ण उतरायला आधी ४९ मिनिटे लागत, ती आता ८८ मिनिटे लागू लागली. माणूस तोच, पेला तोच, वाइन तीच. सेंट लुईस येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच: बायपास झालेल्या स्त्रियांना दोन पेल्यांचा जो परिणाम होतो, तो शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या चार पेल्यांइतका असतो.

आता या आकड्यांशेजारी आपला कायदा ठेवून पाहा. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता कामा नये. शस्त्रक्रियेपूर्वी एक पेला घेऊन हे लोक कायद्याच्या मर्यादेत राहिले असते; सहा महिन्यांनी तोच एक पेला घेऊन ते मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट पलीकडे गेले असते. २०१९ च्या दुरुस्तीने या अपराधाला पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. “मी एकच घेतला होता” हे त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे असेल, आणि तरीही तो कायद्याचा अपराधी ठरेल. अर्थात दंडाचे दुःख त्यातल्या त्यात लहान. रस्त्यावरच्या अपघातात ज्याचा जीव जाईल त्याला ‘एकच पेला’ ही सबब कशी पुरणार?

यात आणखी एक मेख आहे. पोलिसांच्या हातातले श्वासयंत्र अशा माणसाच्या बाबतीत कमी आकडा दाखवू शकते. स्लीव्ह आणि बायपास झालेल्या स्त्रियांवरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात श्वासावरून काढलेला आकडा प्रत्यक्ष रक्तातील प्रमाणापेक्षा सुमारे २७ टक्के कमी निघाला. त्याच अभ्यासात, स्लीव्ह झालेल्यांच्या रक्तातही मद्यार्काचे शिखर शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या दुपटीच्या आसपास पोहोचलेले दिसले. “माझे आतडे जोडलेले नाही, फक्त जठर कापले आहे, तेव्हा मला भीती नाही,” असे मानण्याला त्यामुळे फारसा आधार उरलेला नाही.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट

चटकन चढणे ही अडचण एका संध्याकाळची. तिच्यामागे दुसरी उभी आहे आणि ती आयुष्याची आहे.

अमेरिकेतील दहा रुग्णालयांनी मिळून अशा शस्त्रक्रिया झालेल्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. २०१२ साली १,९४५ जणांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांत मद्यपानाचा विकार, म्हणजे पिण्यावरचा ताबा सुटल्याची लक्षणे, आढळली होती. पहिल्या वर्षानंतर हे प्रमाण ७.३ टक्के होते, फरक नगण्य. दुसऱ्या वर्षानंतर ते ९.६ टक्क्यांवर गेले. पुढे २०१७ साली त्याच मागोव्यातून असे दिसले की, शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना असा विकार नव्हता त्या बायपासच्या रुग्णांपैकी २०.८ टक्के लोकांत पाच वर्षांच्या आत त्याची लक्षणे उद्भवली. आवळपट्टीवाल्यांत हे प्रमाण ११.३ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. बायपास झालेल्या पाचांपैकी चौघांना हा विकार जडला नाही, हे त्यातून जितके सिद्ध होते तितकेच पाचव्याला तो जडला हेही होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाचात एक अशी जोखीम असती, तर डॉक्टरांनी ती रुग्णाला दहा वेळा समजावून सांगितली असती. मग ही जोखीम पाच वर्षांत पसरलेली आहे, म्हणून तिच्याविषयी मौन का?

विशेष लक्षात घ्यावयाचे ते दुसरे वर्ष. पहिल्या वर्षात माणूस भ्यालेला असतो. पथ्य कडक असते, घरच्यांची नजर असते, डॉक्टरांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. दुसऱ्या वर्षी वजन उतरलेले, कपडे नवे, मन प्रसन्न. डॉक्टरांकडे जाण्याचे कारण उरत नाही आणि घरचे निर्धास्त होतात. जोखीम वाढू लागते ती नेमकी या वेळी. मोहगावच्या माणसासाठी तर रुग्णालय परराज्यात असते; ‘बरा झालो’ असे वाटणाऱ्याने केवळ तपासणीसाठी दिवस मोडून नागपूर गाठावे, ही अपेक्षा कागदावरच राहते.

“ज्याला खाण्याचा मोह आवरला नाही त्याला पिण्याचा काय आवरणार? हा मनाचाच दुबळेपणा,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या म्हणण्यातला तोरा जेवढा मोठा, तेवढाच आधार तोकडा. बायपास आणि आवळपट्टी या दोन्हींचे रुग्ण स्थूलच होते. खाण्याचा मोह दोघांचाही सारखाच होता. मग बायपासवाल्यांत विकार जवळजवळ दुपटीने का वाढावा? प्रयोगशाळेत उंदरांवर बायपास केली तेव्हा तेही पूर्वीपेक्षा अधिक मद्याकडे वळू लागले. मद्य तोंडावाटे न देता थेट रक्तात मिळेल अशी व्यवस्था केली, तरी त्यासाठी त्यांची धडपड वाढलेलीच दिसली. उंदराला ना लग्नाचा मांडव, ना मेहुण्याचा आग्रह, ना मनाचे दुःख. आतड्याची रचना बदलली की आतड्यातून मेंदूकडे जाणारे संदेश बदलतात आणि मेंदूची सुखाची मोजमापेही बदलतात, असे आता शास्त्रज्ञ मानू लागले आहेत. शिवाय वेगाने चढणारी आणि शिखर गाठणारी नशा ही सावकाश चढणाऱ्या नशेपेक्षा अधिक गुंतविणारी असते, हे व्यसनशास्त्राचे जुने निरीक्षण आहेच. तेव्हा या माणसाला नीतीच्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

जोखीम मात्र सर्वांना सारखी नाही. पुरुष, तरुण, धूम्रपान करणारे, शस्त्रक्रियेपूर्वी नियमाने पिणारे आणि ज्यांना आधार देणारी माणसे कमी आहेत असे लोक अधिक धोक्यात असल्याचे याच अभ्यासात दिसले. आमच्या गोव्याने याचा वेगळा विचार करायला हवा. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे ३७ टक्के मद्य घेणारे आढळले. जेथे पेला इतका सुलभ आहे, तेथे या शस्त्रक्रियेनंतरचा इशाराही तितकाच मोठ्या आवाजात दिला गेला पाहिजे.

“चढली, झोपू द्या”

वरच्या कथेतल्या मंडपात उच्चारलेले हे तीन शब्द आम्हाला सर्वाधिक भयावह वाटतात. शस्त्रक्रिया झालेला माणूस डळमळू लागला तर त्याला दारू चढली असेलच असे नाही. आणि चढली असली तरी तेवढेच झाले असेल असेही नाही.

बायपासनंतर काहींच्या रक्तातील साखर जेवणानंतर एकाएकी घसरते. मद्य हे यकृताच्या नवी साखर तयार करण्याच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे ही घसरण अधिक खोल होऊ शकते. घाम, थरथर, अडखळते बोलणे, भ्रम ही तिची लक्षणे दारूच्या नशेसारखीच दिसतात. अशा माणसाला खोलीत नेऊन झोपविले, तर तो बेशुद्धीत जाऊ शकतो. साखर मोजण्याचे लहान यंत्र आज अनेक मधुमेही घरांत असते. बोटाला एक टोचणी, एवढ्यावर जीव वाचण्याचा प्रसंग असतो.

दुसरा धोका ‘ब-१’ या जीवनसत्त्वाचा. शस्त्रक्रियेनंतर खाणे थोडे, शोषण अपुरे आणि काहींना वारंवार उलट्या; त्यामुळे या जीवनसत्त्वाचा शरीरातला तुटपुंजा साठा काही आठवड्यांतच संपू शकतो. मद्य त्याच्या शोषणात आणखी विघ्न आणते. मग चालताना तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, एकाचे दोन दिसणे, मनाचा गोंधळ उडणे अशी लक्षणे उमटतात. वेळीच ‘ब-१’चे इंजेक्शन दिले तर माणूस सावरतो, उशीर झाला तर स्मृती कायमची जाते, प्रसंगी प्राणही जातो. खेड्यातल्या दवाखान्यात अशा रुग्णाला सवयीने नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले जाते. ‘ब-१’ न देता लावलेले हे सलाइन प्रकृती आणखी बिघडवू शकते, हे प्रत्येक ग्रामीण डॉक्टराच्या ध्यानी असले पाहिजे. आणि घरच्यांनी दवाखान्यात पाऊल टाकताच पहिले वाक्य हेच सांगितले पाहिजे की, याच्या जठराची शस्त्रक्रिया झालेली आहे.

याखेरीज जठराच्या जोडावर पडणारे व्रण, यकृताला पोहोचणारी इजा, आणि मद्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सात कॅलरींची भर घालून पुन्हा चढणारे वजन, यांचा हिशेब वेगळाच. लाखो रुपये मोजून आणि देहाला चिरा देऊन उतरविलेले ओझे घोटाघोटाने पुन्हा अंगावर घ्यायचे, याला आगीतून निघून फुफाट्यात पडणे याखेरीज दुसरे नाव नाही.

काय करावयास हवे

पहिली जबाबदारी रुग्णालयांची. शस्त्रक्रियेपूर्वी मद्यपानाची चौकशी व्हावी. ती दटावून होऊ नये, कारण दटावले की माणूस खोटे बोलतो. ज्याला आधीच व्यसन आहे त्याच्यावर आधी त्याचे उपचार व्हावेत. सहीच्या कागदांच्या चळतीत दडलेली इंग्रजी ओळ म्हणजे इशारा नव्हे. मोहगावच्या रुग्णाला तो मराठीत किंवा हिंदीत, आमच्याकडच्याला कोकणी-मराठीत आणि घरातल्या एका तरी जाणत्या माणसाच्या समक्ष तोंडी सांगितला गेला पाहिजे. पहिले सहा महिने ते वर्षभर मद्य पूर्ण वर्ज्य, असे अनेक शल्यचिकित्सक सांगतात. त्यापुढेही काय आणि का टाळायचे, हे रुग्णाला स्पष्ट कळले पाहिजे. आमच्या मते ज्याने ते कायमचेच सोडले त्याने काहीही गमावले नाही.

दुसरी गोष्ट पाठपुराव्याची. जोखीम दुसऱ्या वर्षापासून वाढते, तर चौकशीही दुसऱ्या वर्षानंतर वाढायला हवी. त्यासाठी दर वेळी नागपूर किंवा बांबोळी गाठण्याची गरज नाही. दूरध्वनीवर विचारता येते, तालुक्याच्या डॉक्टरकडे रुग्णाची माहिती पाठविता येते. आरोग्य खात्यांना राज्याच्या सीमा असतात, आजाराला नसतात. सौंसरचा रुग्ण मध्य प्रदेशाचा आणि त्याचे शल्यचिकित्सक महाराष्ट्राचे, म्हणून मध्ये कुणाचीच जबाबदारी नाही, असे होता कामा नये.

तिसरी गोष्ट रुग्णाची स्वतःची. पेला हाताबाहेर जात आहे अशी शंका येताच ती बोलून दाखविण्यात कमीपणा नाही. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांपुढे जाण्याची लाज वाटते, कारण ‘त्यांनी एवढे केले आणि मी हे केले’ असा सल मनात असतो. परंतु हा विकार शस्त्रक्रियेचाच एक ज्ञात परिणाम आहे, हे एकदा कळले की ती लाज गळून पडावी. अनिल आणि सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून आणि तरीही माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी समाजाला दिली. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा व्यसनमुक्तीसाठी उपलब्ध आहे. हा क्रमांक अशा प्रत्येक रुग्णाच्या घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर ठळक अक्षरांत छापला जावा, अशी आमची सूचना आहे.

आणि चौथी जबाबदारी तुमची-आमची, यजमानांची. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे माप मानले जाते. नको म्हणणाऱ्याला तीनदा विचारणे हा शिष्टाचार, आणि चौथ्यांदा त्याच्या हाती पेला देणे ही जवळीक. ज्याने अंगावर शस्त्र चालवून घेऊन आपला देह नव्याने मांडला आहे, त्याच्यावर हा आग्रह म्हणजे अन्याय आहे. त्याने नाही म्हटल्यावर कारण विचारू नये. लिंबाचे सरबत किंवा सोलकढी त्याच मानाने पुढे करावी. ज्यांना आपले म्हणणारी माणसे कमी तेच अधिक बुडाले, असे ते परदेशी अभ्यास सांगतात. आपल्या समाजात आपले म्हणणाऱ्यांची उणीव नाही. त्या आपलेपणाने माणसाला पेल्याकडे ढकलावे की पेल्यापासून सावरावे, एवढाच निवाडा करायचा आहे.

मोहगावच्या देवालयातील दैवत अर्धनारीश्वर आहे. दोन अर्धांची मिळून ती एक मूर्ती. यातला एकच अर्ध पुजला तर पूजा पुरी होत नाही. वजन घटविण्याच्या उपचाराचेही तसेच आहे. शल्यचिकित्सकाची सुरी ही त्याची अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी बाजू घरात, मांडवात, जेवणाच्या पंगतीत आणि वर्षानुवर्षांच्या चौकशीत आहे. ती आपल्याकडे अद्याप घडवलीच गेलेली नाही. चैत्रात मोहाची फुले पडतील, बोंडू पिकतील, लग्नाचे मांडवही उभे राहतील. त्या मांडवात पेला पुढे करणाऱ्या हाताने एवढे तरी लक्षात ठेवावे की, पेला तोच आहे, समोरचे माणूसही तेच आहे, परंतु त्याचे पोट आता निराळे आहे.